सहीचा भाव आणि जमिनीचा भाव

चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली. त्या आगीत राज कपूर यांच्या चित्रपटांतील पोशाख आणि कित्येक स्मृतिवस्तू भस्मसात झाल्या. २०१९ मध्ये तेथील सुमारे सव्वादोन एकर जमीन गोदरेज प्रॉपर्टीज या कंपनीने विकत घेतली. जमिनीचा भाव ठरविण्याची रीत सर्वांना ठाऊक असते. जळालेल्या पोशाखाचा भाव कोणत्या रीतीने ठरवावयाचा?

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर लिलावात मिळते. काउबॉयपटांचा नायक रॉय रॉजर्स याचा ‘ट्रिगर’ हा घोडा मृत्यूनंतर कातडे जतन करून संग्रहालयात उभा केलेला होता. जुलै २०१० मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात त्याला २,६६,५०० डॉलर आले. जॉन वेनच्या वस्तूंचा लिलाव २०११ मध्ये झाला. या ताऱ्यांच्या सहीच्या छायाचित्रांनाही तेथे नियमित गिऱ्हाईक असते.

मात्र सही ही मोठी फसवी वस्तू आहे. हॉलिवूडच्या भरभराटीच्या काळात चाहत्यांच्या पत्रांचे ढीग येत आणि पुष्कळदा ताऱ्यांऐवजी त्यांचे चिटणीसच सह्या ठोकून देत. अस्सल काय ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही! अशा बाजारात खोटा माल खऱ्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले आणि २००१ साली ते नोबेलचे एक मानकरी ठरले. म्हणूनच तेथे सही पारखणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. तरीही बनावट सह्यांच्या टोळ्या पकडण्याची पाळी तेथील पोलिसांवर आलीच. आपल्याकडे चोरबाजारात जुने पोस्टर म्हणून नवी छपाई गळ्यात पडली, तर गिऱ्हाइकाने दाद कोणाकडे मागावी?

बाजारावर सर्वस्वी विसंबणेही शहाणपणाचे नाही. ट्रिगर विक्रीला निघाला तो रॉजर्सचे संग्रहालय २००९ मध्ये बंद पडले म्हणून. ज्या पिढीने ते चित्रपट बालपणी पाहिले ती सरत चालली, तसे प्रेक्षकही आटले. हौशी संग्राहकाचे प्रेम त्याच्याबरोबरच संपते. पुढची जबाबदारी संस्थांची असते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून, तर पेडर रोडचे भारतीय चित्रपट संग्रहालय २०१९ पासून अस्तित्वात आहे. परंतु ज्या उपनगरांत हे चित्रपट घडले तेथील कागद, करारपत्रे व पोशाख त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे कसे? १९७२ चा पुरावस्तू कायदा सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना लागू होतो. बोलपटाच्या काळातील पोशाख त्या मर्यादेत अद्याप बसत नाही, आणि तोवर इमारतीचा पुनर्विकास थांबत नाही. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल ज्या अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला, तो स्टुडिओच आज नाही.

मालाडची गोष्ट अधिक बोलकी आहे. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली तेथे बॉम्बे टॉकीज स्थापन केली. पुढे त्या आवारात छोटे कारखाने आले. या कंपनीची छायाचित्रे व कागदपत्रे मात्र राय यांच्या ऑस्ट्रेलियातील नातवाने जपली. २०१७ मध्ये, म्हणजे चेंबूरची आग लागली त्याच वर्षी, त्यांचे प्रदर्शन भरले, ते मेलबर्नला.