साडेसहाशे किलोंची एलान

लोटस एलान ही १९६२ ते १९७३ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. आधी ती उघड्या टपाचीच मिळे, नंतर बंद टपाचीही मिळू लागली. लांबी ३.६८ मीटर, रुंदी १.४२ मीटर आणि वजन मालिकेनुसार ६५० ते ७०० किलोंच्या घरात, म्हणजे जवळपास मारुती ८०० एवढं. मारुतीच्या इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीही भरत नसे. एलानचं इंजिन १०५ अश्वशक्तीचं होतं आणि शेवटच्या ‘स्प्रिंट’ मालिकेत ते १२६ वर गेलं. एलानच्याच वर्षी बाजारात आलेली एमजीबी ९५ अश्वशक्तीवर ९०० किलोंहून जास्त वजन ओढत होती.

हलक्या गाडीचा फायदा नुसत्या वेगापुरता नसतो. वजन वजनाला बोलावून आणतं. जड गाडीला मोठं इंजिन लागतं, मोठ्या इंजिनाला जाड चॅसी, जाड चॅसीला रुंद टायर, आणि त्या सगळ्याला आवरायला मोठे ब्रेक. एलानमध्ये हे चक्र उलटं फिरवलेलं आहे. चाकं तेरा इंची, टायर अरुंद, स्टिअरिंगला कसल्याही मदतीची गरज नाही. झुडपांच्या कुंपणांमधून वळत जाणाऱ्या इंग्लंडमधल्या अरुंद रस्त्यांवर तिच्या रुंदीमुळे दोन्ही बाजूंना जागा उरते, आणि तिथे जग्वार ई-टाइपसारख्या दुपटीहून जास्त ताकदीच्या गाडीलाही तिला मागे टाकणं सोपं जात नाही.

लोटस ही कॉलिन चॅपमन यांची कंपनी. उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी इथे त्यांच्या वडिलांचं हॉटेल होतं. त्यामागच्या तबेल्यांत तिची सुरुवात झाली, पुढे ती चेशंटला आणि १९६६ मध्ये नॉर्फकमधल्या हेथेलच्या जुन्या विमानतळावर गेली. एलानच्या आधीची ‘एलिट’ पूर्ण फायबरची होती, तिला वेगळी चॅसीच नव्हती. दिसायला देखणी, पण बनवायला इतकी महाग की प्रत्येक गाडीमागे कंपनीला खोट येई. त्यामुळे पुढची गाडी स्वस्तात करायची आणि टपाशिवाय करायची असं ठरलं. ते काम रॉन हिकमन या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या डिझायनरकडे आलं. (शिकंजा, घोडी आणि कामाचं टेबल एकातच असलेलं घडीचं ‘वर्कमेट’ हीसुद्धा याच हिकमन यांची कल्पना. एका वस्तूकडून तीन कामं करून घ्यायची त्यांची खोड एलानमध्येही जागोजागी दिसते.)

फायबरचं शरीर टपाशिवाय पुरेसं ताठ राहीना. ते जमेपर्यंत इंजिन आणि सस्पेन्शनची चाचणी घेता यावी म्हणून चॅपमन यांनी पत्र्याची एक कामचलाऊ चॅसी करून घेतली. पत्रा दुमडून आणि वेल्डिंग करून केलेली एक पोकळ चौकोनी पेटी गाडीच्या मधोमध कण्यासारखी जाते. पुढे ती बेचकीसारखी फाकते आणि त्या बेचक्यात इंजिन बसतं. मागे ती पुन्हा फाकते, तिथे डिफरन्शियल. पुठ्ठ्याचं उघडं खोकं हातात धरून पिळलं तर सहज वाकडं होतं. झाकण चारी बाजूंनी चिकटवलं की तेच खोकं दाद देत नाही. या कण्याचं तत्त्व तेच आहे. त्याचं वजन ३५ किलोंच्या आसपास, म्हणजे दोन माणसं सहज उचलून बाजूला ठेवतील एवढं. तात्पुरता म्हणून केलेला हा सांगाडा अपेक्षेपेक्षा इतका ताठ निघाला की तोच कायम झाला आणि फायबरचं शरीर त्यावर बोल्टांनी बसवण्यात आलं.

इंजिनाच्या बाबतीतही अशीच काटकसर झाली. खालचा भाग फोर्डच्या साध्या कौटुंबिक गाडीचा घेतला आणि त्यावर दोन कॅमशाफ्टचं ॲल्युमिनियम हेड बसवलं. हे हेड हॅरी मंडी यांनी आखलं. तेव्हा ते ‘द ऑटोकार’ साप्ताहिकाचे तांत्रिक संपादक होते. मे १९६२ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटर शर्यतीत लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क याने हे दीड लिटरचं इंजिन लोटस २३ या गाडीत घेऊन ओल्या रस्त्यावर कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकलं. नंतर फुटलेल्या एक्झॉस्टचा धूर त्याच्या डोक्यात गेला आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. विक्रीच्या एलानमध्ये हेच इंजिन लवकरच १५५८ सीसीचं झालं.

पुढच्या चाकांचे उभे खांब ट्रायम्फ हेराल्डचे घेतले होते. हीच हेराल्ड मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होत असे आणि एकेकाळी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही दिसे. खांबाचं खालचं टोक आट्यांनी एका पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. त्यात गिअरबॉक्सचं जाड ऑइल भरायचं असतं, ग्रीस नव्हे. मेस्त्री मात्र सवयीने ग्रीसगन लावतात. ग्रीस सुकतं, आट्यांत पाणी शिरतं, गंज चढतो, आणि एक दिवस गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खांबच तुटतो. इंग्लंडमधल्या लोटसला आणि मद्रासच्या हेराल्डला दुखणं एकच.

एलानच्या स्प्रिंगा मात्र मऊ आहेत, आणि हे त्या काळी विरळाच होतं. एमजीबीसारख्या गाड्या मागे अखंड ॲक्सल आणि पाटे लावून कडक केलेल्या असत. एलानची चारही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि खड्डा आला तरी टायर जमीन सोडत नाही. मॅक्लारेन एफ-१चे निर्माते गॉर्डन मरे यांनी आपल्या त्या गाडीला एलानसारखं स्टिअरिंग देता आलं नाही याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली आहे. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ वरची एलानची छाप तर पहिल्या नजरेतच ओळखू येते.

मात्र वजन वाचवताना एका भागावर दोन-तीन कामं टाकली की तो बिघडताना ती सगळीच कामं बिघडतात. पुढच्या चाकांना आधार देणारा चॅसीचा आडवा भाग पोकळ आहे. त्याच पोकळीत इंजिनातून ओढलेली निर्वात साठवली जाते, आणि त्या निर्वातीच्या जोरावर बॉनेटमध्ये लपलेले हेडलाइट वर उठतात. पत्र्याला गंजाने टाचणीएवढं भोक पडलं की निर्वात गळते आणि रात्रीच्या रस्त्यावर दिवे हळूहळू मिटू लागतात. पुढे ही योजना उलटी करण्यात आली. निर्वात गेली की स्प्रिंगच्या जोराने दिवे वर येतात. काही मालक वेगळी टाकी बसवतात आणि तेवढं वजन सोसतात.

वॉटर पंपाची कथाही हीच. तो वेगळा नाही, टायमिंग चेनच्या कव्हरमध्येच ओतलेला आहे. फॅन बेल्ट जरा जास्त ताणला की पंपाचं बेअरिंग जातं आणि ते बदलायला कव्हर काढावं लागतं. कव्हर वर हेडखाली आणि खाली ऑइल संपवर अडकलेलं, म्हणून हेड उतरवणं आलं. इतर गाड्यांत दुपारचं असलेलं काम इथे चार दिवस खातं. अनुभवी माणूस बेल्ट बोटाने दाबून बघतो आणि थोडा सैलच ठेवतो.

या सगळ्यांत हट्टी भाग म्हणजे मागच्या ड्राइव्हशाफ्टची रबरी कपलिंगं. त्यांचं व्यापारी नाव ‘रोटोफ्लेक्स’, पण मालकांच्या तोंडी ‘डोनट’. एका बाजूला दोन, अशी एकूण चार. षटकोनी कड्यात रबराचे सहा ठोकळे आणि त्यांच्यामध्ये बोल्टसाठी धातूचे तुकडे. चाक वरखाली होताना शाफ्टचा कोनही बदलतो आणि लांबीही. नेहमीच्या शाफ्टमध्ये त्यासाठी खाचांत सरकणारा जोड असतो, पण इंजिनाचा जोर आला की तो जोड आवळला जातो आणि सस्पेन्शन क्षणभर अडखळतं. रबर मात्र वाकतं, ताणलं जातं आणि वर गिअरचे धक्केही पचवतं. त्याची किंमत क्लच सोडताना कळते. आधी रबर पीळ खातं, मग सुटतं, आणि न सरावलेल्या हातात गाडी बेडकासारख्या उड्या मारत निघते.

नवं डोनट येतं ते भोवती पोलादी पट्टी आवळलेलं. पट्टीने रबर दाबून ठेवलेलं असतं म्हणून बोल्ट भोकांसमोर येतात. पट्टी आधीच काढली तर रबर फुगतं आणि एकही बोल्ट जागी बसत नाही. सगळे बोल्ट कसून झाल्यावरच ती कापायची. पुढे काही वर्षांत रबराला बारीक चिरा पडतात. त्याकडे दुर्लक्ष झालं आणि डोनट वेगात फाटलं, तर मोकळा शाफ्ट गरगरत शेजारच्या चॅसीला आणि फायबरला झोडपतो. म्हणून बरेच जण आता रबराऐवजी सीव्ही जॉइंटचे, म्हणजे धातूच्या जोडांचे शाफ्ट बसवतात. त्याने उड्या थांबतात, पण रबर पचवत असलेला धक्का थेट डिफरन्शियलवर जातो, आणि या दोन पक्षांतला वाद अजून मिटलेला नाही.

सर्वांत मोठा खर्च शेवटी कण्याचाच निघतो. फायबर गंजत नाही, पण त्याखालचा पातळ पत्रा गंजतो. पाणी निघून जाण्याची भोकं चिखलाने बुजली की पुढच्या सस्पेन्शनच्या मुळाशी आधी गंज धरतो. वरचं चकचकीत अंग बघून आतलं काहीच कळत नाही. गाडी विकत घेणारा जाणकार आधी टॉर्च घेऊन खाली झोपतो. पुढे लोटसनेच जस्ताचा मुलामा दिलेल्या बदली चॅसी पुरवायला सुरुवात केली. त्यासाठी फायबरचं अख्खं शरीर बोल्ट सोडून चार-पाच माणसांनी वर उचलायचं, जुना कणा खालून सरकवून काढायचा आणि त्याच घड्यांचा, त्याच बेचक्यांचा नवा कणा आत घ्यायचा. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कित्येक एलान अशा दुसऱ्या कण्यावर चालतात.