बंद करण्याआधी आत पाहा

सुरतेत संगणकावाचून चालणारा धंदा आता शोधावा लागतो. वराछा आणि कतारगामच्या हिरा कारखान्यांत कच्चा दगड स्कॅन होतो आणि त्यातून कोणता हिरा कसा निघेल याचा हिशेब सॉफ्टवेअर मांडते. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला नक्षी मिळते ती फाईलमधून. रिंग रोडच्या कापड मार्केटात बिले संगणकावर फाडली जातात. लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत स्थिरावलेल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांची रोजीरोटी याच धंद्यांवर आहे. यांतला एखादा प्रोग्राम ‘हँग’ झाला की बहुतेक ठिकाणी उपाय एकच असतो, बंद करा आणि पुन्हा चालू करा. यंत्रमागावर मात्र असे कोणी करत नाही. बाण्याचा धागा तुटून माग थांबला, तर विणकर आधी तुटलेला धागा पाहतो, तो नीट करतो आणि मगच माग सुरू करतो. प्रोग्रामच्या बाबतीतही हाच क्रम धरायला हवा, कारण बंद करताक्षणी मेमरीतला सगळा पुरावा पुसला जातो.

‘हँग’ हे बिघाडाचे निदान नव्हे. पडदा गोठलेला दिसतो तेव्हा आत दोन अगदी उलट गोष्टी चाललेल्या असू शकतात. एक तर प्रोग्राम अखंड गणित करत असेल, मग ते खरेच लांबलेले असो वा चक्रात अडकलेले. किंवा तो काहीही न करता वाट पाहत असेल, नेटवर्कवरच्या उत्तराची, प्रिंटरची किंवा आपल्याच दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामाने, धरून ठेवलेल्या कुलपाची. हा फरक सांगू शकतो तो डीबगर, म्हणजे चालू प्रोग्रामच्या आत पाहू देणारे साधन. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला आणि आजही तो मोफत मिळतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा सीडीबी आहे, तोही मोफत. चालू प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक दिला की डीबगर त्याला जोडला जातो आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्या प्रोग्रामला जागच्या जागी थांबवते. मग प्रत्येक थ्रेडचा ‘स्टॅक’ वाचता येतो. आत्ता कोणते फंक्शन चालू आहे, त्याला कोणी बोलावले, त्या बोलावणाऱ्याला कोणी, अशी साखळी थेट सुरुवातीपर्यंत दिसते. दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसले असतील, तर तेही या साखळ्यांवरून उलगडते. काम झाल्यावर डीबगर सोडवून घेतला की प्रोग्राम पुढे चालू लागतो. सीडीबीत मात्र सावध राहावे लागते. ‘क्यूडी’ ही आज्ञा प्रोग्रामला जिवंत सोडते, नुसती ‘क्यू’ त्याला संपवते.

पुन्हा चालू केल्याने कारण जात नाही, याचा ठळक दाखला मंगळावर मिळाला. नासाचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होऊ लागला. दर वेळी उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. हा दोष उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांतही दिसला होता, पण तेव्हा तो पुन्हा घडवून आणता आला नव्हता. अखेर पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर, आतल्या घडामोडींची नोंद चालू ठेवून, अभियंत्यांनी तो घडवला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम एक सामायिक कुलूप धरून असे, मध्यम महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि त्याच कुलपाची वाट पाहत अधिक महत्त्वाचे काम ताटकळे आणि रीसेट होई. मंगळाकडे एक छोटा बदल पाठवला आणि रीसेट थांबले. इथे जीडीबी नव्हता, पण तपासाची साधने यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेली होती, म्हणून हे जमले.

कारखानदार म्हणेल, माझी मशीन थांबली आहे, तपासाला वेळ कोठून आणू? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. प्रोग्रामच्या मेमरीची प्रत, म्हणजे डंप, फाईलमध्ये उतरवून घ्यावी आणि लगेच प्रोग्राम पुन्हा चालू करावा. तपास नंतर सावकाश होतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामवर उजवे क्लिक करूनही डंप मिळतो, त्याला प्रोग्रामर लागत नाही. तो वाचायला जाणकार लागतो हे खरे. शिवाय त्याच आवृत्तीची सिम्बॉल फाईल, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांना फंक्शनची नावे जोडून देणारी फाईल, नसेल, तर जाणकारापुढेही बहुतांश नुसते पत्तेच येतात. म्हणून सॉफ्टवेअर घेतानाच विक्रेत्याला विचारावे, प्रत्येक आवृत्तीचे सिम्बॉल तुम्ही जपून ठेवता का?

मला सर्वांत वजनदार वाटतो तो गुप्ततेचा आक्षेप. डंपमध्ये पासवर्ड, पार्ट्यांची नावे, भाव, हिऱ्याचे प्लॅनिंग, सगळेच येऊ शकते, आणि अशी फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवणे धोक्याचे आहे. पण तपासासाठी संपूर्ण डंप बाहेर पाठवावाच लागतो असे नाही. विक्रेत्याने सिम्बॉल दिले, तर कारखान्यातल्याच संगणकावर डंप उघडून सीडीबीच्या साध्या ‘के’ आज्ञेने स्टॅक काढता येतो. त्या ओळींत फंक्शनची नावे आणि पत्ते असतात, आणि पुष्कळदा विक्रेत्याला तेवढ्यावरून कारण सापडते.