'तेवीस' म्हटलं की पोरं ३२ का लिहितात?

जून आला, शाळा भरल्या. पहिली-दुसरीची पोरं आता शंभरपर्यंतच्या संख्यांशी झटतायत. घरात भाचा-पुतणी असेल तर बघितलंच असेल: आपण 'तेवीस' म्हणतो, पोरगं ३२ लिहितं.

याचा अर्थ ते कच्चं आहे असा नाही. त्यानं ऐकलं तसंच लिहिलं. 'ते' म्हणजे तीन आधी येतात, 'वीस' नंतर. लिहिताना मात्र २ आधी. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर डेटा बरोबर, क्रम उलटा!

त्यात एकोणतीस. 'एकोण' म्हणजे एक कमी. कानावर पडतं 'तीस', लिहायचं २९. वजाबाकी शिकायच्या आधीच वजाबाकी!

कन्नडमध्ये २३ म्हणजे 'इप्पत्तमूरू', तेलुगूत 'इरवै मूडु'. दोन्हीकडे वीस आधी, तीन नंतर. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असं वाचन आणलं, तेव्हा मीम्सचा पाऊस पडला, विषय विधिमंडळात गेला. 'तेवीस' सोडून द्या असं मीही म्हणणार नाही, पण अडचण खरी आहे.

मग करायचं काय? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा. दोन गठ्ठे, तीन सुट्या काड्या. आधी 'वीस आणि तीन' म्हणू द्या, मग 'तेवीस'. आणि ३२ लिहिलं तर ओरडू नका, 'तू काय ऐकलंस?' एवढंच विचारा. पोरगं भाषेत अडकलेलं असताना आपण त्याला 'गणितात ढ' ठरवून टाकतो, आणि तो शिक्का लवकर पुसत नाही.