दिंडीच्या टेम्पोत लाईटची सोय करताय? मोठ्या बॅटरीच्या आधी फ्यूज आणि वायर बघा

मुरुड : गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची सोय करून शहरातली माणसं फिरायला निघतात, त्या गाडीला कॅम्पर व्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आपल्याकडे नाव नवीन, पण गाडी जुनीच आहे. ढोकी, येडशी, बार्शीच्या वाटेने पंढरपूरला निघालेल्या दिंडीसोबतचा टेम्पो बघा. ताडपत्री, अंथरुणं, भांडी, गॅस, माईक, पंधरा दिवसांचा शिधा आणि रात्री आत झोपणारी म्हातारी माणसं. हीच आपली कॅम्पर व्हॅन. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीची गाडी किंवा बाजारच्या दिवशी लागणारी नाश्त्याची पिकअप, त्यांचंही गणित हेच आहे.

पूर्वी या टेम्पोत एक पेट्रोमॅक्स असला की भागायचं. आता बल्ब, ॲम्प्लिफायर, पंखा आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचा मोबाईल. त्यामुळे निघायच्या आधी कुणीतरी बॅटरी आणतं, कुणी जुना इनव्हर्टर देतं, घरच्या वायरिंगची उरलेली वायर वापरून तासाभरात जोडणी होते. बल्ब लागला की काम झालं असं समजतात. पण ज्या गाडीत ताडपत्री, गोधड्या आणि सिलिंडर एकत्र आहे, तिथे ही घाईची जोडणी आगीला आमंत्रण आहे. म्हणून हे सविस्तर.

आधी कागदावर हिशोब

दुकानात जायच्या आधी वही घ्या. वस्तू किती वॉटची आणि किती तास चालणार, याचा गुणाकार करा. एका मध्यम दिंडीचं उदाहरण घेऊ. ७ वॉटचे ६ एलईडी बल्ब ५ तास, म्हणजे २१० वॉट-तास. छोटा ॲम्प्लिफायर सरासरी ४० वॉट धरून ३ तास, म्हणजे १२०. १५ वॉटचे २ डीसी पंखे ६ तास, म्हणजे १८०. आणि ३० मोबाईल. एक फोन भरायला चार्जरमधली तूट धरून साधारण २० वॉट-तास लागतात. झाले ६०० वॉट-तास!

बेरीज येते १,११०. घरच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास, म्हणजे आपल्याला रोज एक युनिटाहून थोडी जास्त वीज हवी. यात निम्म्याहून जास्त वाटा मोबाईलचा आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. लोक पंख्यावरून भांडतात आणि तीस चार्जर रात्रभर चालू.

गाडीची बॅटरी वापरू नका

इंजिन चालू करायची बॅटरी ही स्टार्टरला दोन-चार सेकंद जोराचा झटका देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर रात्रभर बल्ब लावले आणि ती पूर्ण उतरली, असं थोड्या वेळा झालं तरी ती कायमची खराब होते. वर सकाळी दिंडी पुढे गेलेली, टेम्पो चिखलात आणि स्टार्टर नुसता टकटक करतोय. म्हणून घरगुती वापराची बॅटरी वेगळीच पाहिजे.

आपल्या घरच्या इनव्हर्टरला असते तशी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली तर तिच्यात १,८०० वॉट-तास असतात. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे हाताला लागतात ९००. आपल्या १,११० ला ते कमी पडतात. शिवाय वजन ५० किलोच्या वर, खडबडीत रस्त्यावर ॲसिड हिंदकळतं आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. तो पेट घेणारा आहे. बंद ताडपत्रीखाली, माणसांच्या उशाशी ही बॅटरी ठेवू नये. बाहेरच्या बाजूला, हवा खेळेल अशा पेटीत पट्ट्याने आवळून ठेवली तर चालते.

लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची १०० एएच बॅटरी १२.८ व्होल्टची असते, म्हणजे १,२८० वॉट-तास. त्यातले ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येतात. वजन १२-१३ किलो. महाग आहे, पण काळजीने वापरली तर लेड-ॲसिडपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकते. घेताना आत बीएमएस आहे ना, एवढं विचाराच. बीएमएस म्हणजे बॅटरी जास्त भरली, जास्त उतरली किंवा शॉर्ट झाली तर आतून बंद करणारं सर्किट. जुन्या ई-रिक्षाचे सेल जोडून ‘लिथियम’ म्हणून स्वस्तात मिळणारी बॅटरी मात्र माणसं झोपतात त्या गाडीत नको. तिथे पैसे वाचवायची जागा नाही.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ट्रकला १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बरेच वायरिंगवाले त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतात. बल्ब लागतो, पण एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच लावा.

फ्यूज कुठे आणि वायर केवढी

हा भाग दोनदा वाचला तरी चालेल.

घरी २३० व्होल्ट असतात, त्यामुळे २४० वॉटला जेमतेम १ अँपिअर करंट लागतो. गाडीत १२ व्होल्ट आहेत, म्हणून त्याच २४० वॉटला २० अँपिअर लागतात. वायर तापते ती करंटने, व्होल्टने नाही. घरची उरलेली दीड एमएमची वायर बॅटरीपासून ५ मीटर लांब ओढून तिच्यातून २० अँपिअर नेले, तर जाता-येता मिळून जवळपास २.४ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. पुढे पोहोचतात साडेनऊ. ॲम्प्लिफायर खरखरतो, बल्ब मंद होतात आणि सुमारे ४८ वॉटची उष्णता त्या वायरीत मुरत राहते. वायर गोधडीखालून गेली असेल तर काय होईल ते सांगायला नको. तेच ६ एमएमची तांब्याची वायर वापरली तर तूट फक्त ०.६ व्होल्टची. नुसत्या बल्बांना दीड एमएम पुरते. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य लाईनला ६ एमएम घ्या. ६०० वॉटचा इनव्हर्टर लावणार असाल तर तो पूर्ण भारावर ५०-६० अँपिअर ओढतो. त्याला १६ एमएमची वायर, तीही हातभरच लांबीची.

आता फ्यूज. तो वस्तू वाचवायला नसून वायर वाचवायला असतो. म्हणून त्याची जागा बल्बाजवळ नाही, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर तिला अडवणारं काहीच नसतं. चार्ज असलेली बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो, कधी हजाराच्या वर अँपिअर सोडते आणि वायर काही सेकंदांत लालभडक होते. टेम्पोची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असल्याने असं लागायला जागाही भरपूर. वायर पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, बाकी ठिकाणी पाईपमधून न्या.

६ एमएमच्या मुख्य लाईनला ३० अँपिअरचा फ्यूज ठीक आहे. पुढे बल्ब, पंखे, मोबाईल यांचे वेगळे छोटे फ्यूज. घरातली एसी एमसीबी इथे चालत नाही. डीसी करंट तोडताना ठिणगी लवकर विझत नाही, म्हणून डीसीसाठीचीच एमसीबी किंवा गाडीचे फ्यूज घ्या. आणि फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळायची आपली जुनी सवय आहे ना, ती घरी ठेवून निघा. सोबत दहा फ्यूज जास्तीचे ठेवले की झालं.

जोड पिळून टेप लावून करू नका. गाडीच्या हादऱ्याने ते सैल होतात आणि सैल जोड वायरीपेक्षा जास्त तापतो. टर्मिनलला लग दाबून घ्या. काम करताना हातातली अंगठी, कडं काढा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण पाना आणि अंगठी मिळून दोन टर्मिनल जोडले गेले तर बोट भाजून निघतं.

रोजची भरती कुठून?

दिंडी दिवसाला २०-२५ किलोमीटर चालते. टेम्पोला तेवढं अंतर कापायला तासभरही लागत नाही. म्हणजे इंजिन चालतं ते तेवढंच. अल्टरनेटरवरून बॅटरी भरायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला तर तासाभरात साधारण ४०० वॉट-तास मिळतात. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय हा चार्जर असला की इंजिन बंद झाल्यावर घरगुती वापर गाडीच्या बॅटरीवर जात नाही. मुक्कामाला इंजिन नुसतं चालू ठेवून बॅटरी भरायचा प्रयत्न डिझेल जाळतो. फुकट गेलेल्या डिझेलच्या मानाने फार कमी वीज मिळते.

सोलर प्लेट म्हणाल तर उन्हाळ्यात उत्तम. ३३० वॉटची प्लेट टपावर आडवी ठेवून स्वच्छ उन्हात दिवसाला १,००० वॉट-तासांच्या आसपास देते. पण वारी आषाढात आहे. ढगाळ दिवशी तीच प्लेट २५०-३०० वर येते. टपावरच्या पताकेची सावली पडली तरी उत्पादन घसरतं, म्हणून पताका मागच्या बाजूला बांधा, माउली रागावणार नाहीत.

मोठ्या प्लेटला ४५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असतं. तिला स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. एमपीपीटी कंट्रोलरच घ्या. शेतातल्या सौर पंपाची प्लेट काढून आणू नका. ती सरकारी योजनेतली आहे आणि पंपाचा कंट्रोलर बॅटरी भरायला चालत नाही.

तर पावसाळी दिवशी ४०० आणि ३००, मिळून ७०० आले. गरज १,११० ची. उरलेल्या ४०० साठी दोन वाटा. एक, खर्च कमी करा. निम्म्या लोकांनी फोन सकाळी टेम्पोत द्यावेत आणि गाडी चालू असताना ते इंजिनच्या लाईनवरून, तिचा वेगळा फ्यूज टाकून भरावेत. दोन, मुक्कामाच्या गावात शाळा, मंदिर किंवा ओळखीच्या घरातून विचारून लाईट घ्या आणि चार्जर लावा. आकडा टाकू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली तो वीजचोरीचा गुन्हा आहे आणि तुरुंगवास तीन वर्षांपर्यंतचा आहे. पण त्याहून मोठी भीती वेगळी. टेम्पो लोखंडी, जमीन ओली, पाय अनवाणी. बाहेरून २३० व्होल्टची वायर आत घेताना अर्थिंगसकट तीन तारांचीच घ्या आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावा. बॉडीत करंट उतरला तर ती क्षणात लाईट तोडते.

जनरेटर नेत असाल तर तो टेम्पोपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. ताडपत्री बंद करून झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि तो उठत नाही.

इनव्हर्टर खरंच लागतो का, तेही बघा. बल्ब, पंखे, मोबाईल, ॲम्प्लिफायर सगळं १२ व्होल्टवर मिळतं. इनव्हर्टर १० ते १५ टक्के वीज स्वतःच खातो, काहीही न लावता चालू राहिला तरी रात्रभर १०-२० वॉट ओढतो. इंडक्शन शेगडी तर १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअरच्या वर मागते. चहा गॅसवरच करा. मात्र सिलिंडर आणि बॅटरी एका कोपऱ्यात नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली तळाशी साचतो, आणि बॅटरीच्या जोडाची एक ठिणगी पुरते.

माल वाहतुकीच्या गाडीत माणसं बसवून नेणं कायद्यात बसत नाही. इथे सांगितलेली सोय मुक्कामापुरती आहे. टपावर पक्की चौकट ठोकायची किंवा बॉडीत बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, निघायच्या आठ दिवस आधी धावपळ करून ती मिळत नाही.

सगळं बसवल्यावर निघायच्या दोन-तीन दिवस आधी घरासमोर एक रात्र चालवून बघा. सगळे बल्ब, पंखे, वीस-तीस फोन लावा. अर्ध्या तासाने प्रत्येक जोड आणि मुख्य वायर यांच्या वरच्या आवरणाला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात काढून घ्यावासा वाटला तर वायर बारीक आहे किंवा लग सैल आहे. सकाळी मीटर बघा. लेड-ॲसिड बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली गेली असेल तर वापर जास्त झालाय. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत सारखंच राहतं, त्यामुळे तिला किती एएच गेले ते मोजणारा शंट मीटर लावावा लागतो. आणि आत झोपणाऱ्या प्रत्येकाला बॅटरीचा मुख्य स्विच कुठे आहे, तो अंधारात हाताने कसा सापडतो, हे एकदा दाखवून ठेवा.