जीडीए : नर्स नव्हे, आणि मोलकरीणही नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागले की एसटी स्टँडसमोरच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात हमखास झळकते : ‘दहावी पास-नापास मुलींसाठी सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स. १०० टक्के नोकरी.’ पोरीच्या हाताला काम लागेल या आशेने आईवडील उसनवारी करून फी भरतात. कोर्स संपतो, फोटोला पांढरा कोट चढतो. मग पहिल्या मुलाखतीतच विचारतात, “कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कुठंय?”

‘सहा महिन्यांत नर्स होता येतं’

नाही होता येत. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालणारी ही परिषद. नोंदणीला पात्र ठरायचे नर्सिंग अभ्यासक्रम मोजके आहेत : एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. तिन्हींना बारावी हवी, आणि संस्था मान्यताप्राप्त हवी. याहून जवळची वाट कुणी सांगत असेल तर तो फसवतो आहे.

काही महिन्यांत जे खरोखर होता येतं ते म्हणजे रुग्ण सहाय्यक. रुग्णालयात त्याला ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’, थोडक्यात ‘जीडीए’ म्हणतात. घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्यांचा अभ्यासक्रम वेगळा, ‘होम हेल्थ एड’ नावाचा. हे अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने आखले आहेत. देशात २०१३ साली कौशल्य अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय आराखडा आला, त्यात जीडीएला चौथा स्तर मिळाला. प्रशिक्षण एक संस्था देते आणि परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही. ज्या ‘इन्स्टिट्यूट’मध्ये शिकवणारेच परीक्षा घेतात आणि तेच सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र देतात, तिथला कागद भिंतीवर लावण्यापलीकडे फारसा उपयोगाचा नसतो. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत २०१५पासून मंजूर केंद्रांवर असं प्रशिक्षण मोफतही मिळत आलं आहे. म्हणून मोठी फी मोजण्याआधी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात एकदा चौकशी करावी.

‘हे काम कुणालाही जमतं, त्याला शिक्षण कशाला?’

या समजावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याची किंमत अंथरुणावरचा माणूस मोजतो.

अर्धांगवायू झालेल्या आजोबांना सदरा घालायचा आहे. न शिकलेला माणूस आधी चांगला हात बाहीत घालतो आणि मग लुळा हात ओढून ताणून दुसऱ्या बाहीत कोंबतो. शिकलेली सहाय्यक आधी लुळा हात घालते, काढताना मात्र चांगला हात आधी काढते. उठवताना ती काखेत हात घालून खेचत नाही. लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल झालेला असतो, त्या ओढण्याने तो निखळतो आणि त्याचं दुखणं महिनोन्‌महिने पुरतं.

बेडसोअरचंही तेच. कुशी साधारण दर दोन तासांनी बदलायची, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण चादरीवरून रुग्णाला फरफटत वर सरकवलं की कातडीचे आतले थर ताणले जातात आणि तिथूनच जखमेला सुरुवात होते, हे सांगावं लागतं. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली, बोटाने दाबल्यावरही ती फिकी झाली नाही, तर ती पहिली धोक्याची खूण. अशा वेळी घरोघरी पावडर किंवा स्पिरिट लावून ती जागा चोळतात. चोळल्याने आतली इजा वाढते. सावळ्या कातडीवर तर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला ऊब लागते का, कडकपणा जाणवतो का, हे पाहायला शिकावं लागतं.

भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. तसं केलं नाही तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. युरीन बॅग मूत्राशयाच्या पातळीखालीच टांगायची. स्ट्रेचरवरून नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवली की लघवी उलटी फिरते आणि संसर्ग होतो. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, आणि रुग्णाला न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो.

हातमोजे लाल पिशवीत, रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतली ही विभागणी चुकली, तर सुई टोचते ती कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हाताला.

‘ताई, एवढं इंजेक्शन तुम्हीच देऊन टाका’

इथे चूक घरच्यांची असते, आणि बऱ्याचदा घरी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोवाल्यांचीही. ब्यूरो ‘सिस्टर पाठवतो’ म्हणतो आणि येते ती सहाय्यक. घरच्यांना फरक कळत नाही. ते तिच्याकडून सलाइन लावून घेतात, नाकातली नळी बदलायला सांगतात. नाही म्हटलं तर काम जाईल या भीतीने ती करतेही. हे तिचं काम नाही. अंघोळ, स्पंजिंग, बेडपॅन, भरवणं, हालचाल, ताप-नाडी पाहून नोंद ठेवणं आणि काही वेगळं दिसलं तर लगेच कळवणं, हे तिचं काम. काही बिघडलं तर बोट तिच्याकडेच दाखवलं जातं, आणि तिच्या पाठीशी ना परिचर्या परिषदेची नोंदणी असते, ना ब्यूरो.

दुसऱ्या टोकाला, रुग्ण झोपला की तिला भांडी घासायला, केर काढायला लावणारी घरंही कमी नाहीत. काम ठरवतानाच ते कागदावर लिहून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रपाळीत झोपायला किती वेळ, जेवण कुणाचं, सुट्टी कधी, हेही त्यातच यावं.

‘हे बायकांचं काम’

पुरुष रुग्णांना, विशेषतः वजनदार आणि अंथरुणाला खिळलेल्यांना, पुरुष सहाय्यक लागतातच. मुलांनी हा कोर्स जरूर पाहावा.

‘याच कोर्सवर पुढे नर्सिंगला जाता येतं’

जीडीएचे महिने एएनएमच्या दोन वर्षांतून वजा होत नाहीत. शिडी सुरू होते ती एएनएमपासून : नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो आणि जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. बारावी झालेल्या आणि नर्सच व्हायचं असलेल्या मुलीने थेट एएनएम किंवा जीएनएमचाच विचार करावा. जिला लगेच कमाई हवी आहे तिच्यासाठी जीडीए हा प्रामाणिक रस्ता आहे, पण तो वेगळा रस्ता आहे.

‘हाच कागद परदेशात चालतो’

अमेरिकेत १९८७च्या संघीय कायद्याने नर्सिंग होममधल्या सहाय्यकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्यानंतर राज्याच्या नोंदवहीत नाव लागतं, आणि सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. कित्येक राज्यांत तासांची अट याहून मोठी आहे. जपानने २०१९पासून वृद्धसेवेसाठी परदेशी कामगारांना जो व्हिसा खुला केला, त्यासाठी जपानी भाषेच्या आणि सेवाकौशल्याच्या वेगळ्या परीक्षा असतात. इथलं प्रशिक्षण हाताशी उपयोगी पडतं, पण परीक्षा तिथलीच द्यावी लागते. ‘सर्टिफिकेटवर थेट व्हिसा’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

फी भरण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोण देणार आणि त्यावर राष्ट्रीय आराखड्याचा स्तर छापलेला असतो का? परीक्षा कोण घेतं? आणि प्लास्टिकच्या पुतळ्यावरचे तास सोडून, खऱ्या वॉर्डात, खऱ्या रुग्णाजवळ किती तास उभं राहायला मिळणार, आणि कोणत्या रुग्णालयात? तिसऱ्या प्रश्नाला रुग्णालयाचं नाव मिळालं, तर त्या वॉर्डाच्या सिस्टरना भेटून या संस्थेच्या मुली तिथे खरंच येतात का, हे विचारून यावं.