हिम, हिमनदी आणि गोठलेली भूमी

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा व धौलीगंगा या नद्यांना अकस्मात महापूर आला. दोन जलविद्युत प्रकल्पांची मोठी हानी झाली. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली अथवा बेपत्ता झाली. ‘हिमनदी फुटली’ अशी वार्ता त्या दिवशी सर्वत्र पसरली. पुढे शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात मात्र निराळे कारण आढळले. रोंटी शिखराच्या उतारावरून खडक व बर्फ यांचा सुमारे २ कोटी ७० लक्ष घनमीटरांचा कडा कोसळला होता. घर्षणाच्या उष्णतेने त्यातील बर्फ वितळला आणि दगडचिखलाचा लोंढा खोऱ्यातून धावत सुटला. ‘हिमनदी फुटली’ या एका शब्दप्रयोगाखाली अशा अनेक भिन्न घटना झाकल्या जातात. यास्तव या विषयातील प्रमुख संज्ञांचा नेमका अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

हिमापासून हिमनदीपर्यंत

आकाशातून भुरभुरत पडते ते हिम. त्यात हवेचे प्रमाण फार असते. उन्हाळ्यात न वितळता उरलेल्या हिमावर पुढील वर्षांचे थर साचत जातात. दाबाने व पुन्हा गोठण्याने ते घट्ट व दाणेदार बनते. त्याला ‘फिर्न’ म्हणतात. कणांमधील हवेच्या वाटा बंद झाल्या की त्याचा घन बर्फ होतो. हा बर्फ स्वतःच्या भाराने उतारावरून सावकाश सरकू लागला म्हणजे त्याला हिमनदी ही संज्ञा प्राप्त होते. गती हेच हिमनदीचे लक्षण होय. गढवालात तिला ‘बमक’ म्हणतात. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब असून तिच्या गोमुख या मुखातून भागीरथी उगम पावते.

सरकणाऱ्या बर्फाला ताण पडून ज्या खोल भेगा पडतात, त्या हिमविदरे. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या राशी म्हणजे हिमोढ. उतारावरून हिमाची रास एकाएकी घसरली तर ते हिमस्खलन. हिमनदीचे तुटलेले खंड समुद्रात तरंगू लागले की ते हिमनग ठरतात.

हिमसरोवराचा धोका

हिमनदी मागे हटली की हिमोढाच्या आड वितळलेले पाणी साचून सरोवर तयार होते. हा नैसर्गिक बांध मुख्यतः सुट्या दगडमातीचा असतो. तो ढासळला किंवा सरोवरात कडा कोसळून लाट उसळली, तर खालच्या खोऱ्यात प्रलय होतो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर असलेल्या चोराबारी सरोवराचा बांध अतिवृष्टीत फुटला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात काठावरील गोठलेला हिमोढ कोसळला. त्याने उसळलेल्या लाटेने बांध फोडला आणि पुराने तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून नेले.

गोठलेली भूमी

येथे ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणजे चिरगोठित भूमी ही संज्ञा महत्त्वाची ठरते. जी माती वा खडक सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तपमानात राहतो, त्याला हे नाव आहे. त्यात बर्फ असलाच पाहिजे असे नाही. व्याख्या तपमानाची आहे. तिच्या वर असलेला थर उन्हाळ्यात विरघळतो व हिवाळ्यात पुन्हा गोठतो. सैबेरिया, अलास्का तसेच लडाखच्या उंच भागात अशी भूमी आढळते. तिच्यातील बर्फ दगडमातीला सांधून ठेवतो. तपमान वाढले की हा सांधा सुटतो, उतार खचतात आणि त्यांवरील रस्ते व इमारती धोक्यात येतात.

अचूक शब्दांची आवश्यकता

कारण वेगळे तसा उपायही वेगळा. सरोवराच्या पाण्याची पातळी मोजता येते, ती कमी करता येते आणि पूर्वसूचनेची यंत्रणाही बसविता येते. कडा कोसळण्याची पूर्वकल्पना मिळणे त्या मानाने कठीण असते. महाराष्ट्रात हिमनद्या नाहीत. तथापि केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रेस येथून दरवर्षी असंख्य भाविक जातात आणि शाळांतून हा विषय शिकविला जातो. शिक्षकांनी वर्गात, तर पंचायत सदस्यांनी यात्रेकरूंना माहिती देताना या संज्ञा नेमकेपणाने वापरल्यास संकटाचे स्वरूप लोकांना यथार्थपणे कळेल. ज्याला अचूक नाव आहे, त्याविषयी अचूक इशाराही देता येतो.