आधी बघा, मग हात लावा

पतसंस्था असो, कॉलेज असो, दवाखाना असो की कारखान्याचा वजनकाटा, संगणक थांबला की काम थांबतं आणि फोन येतो सिस्टीम अ‍ॅडमिनला. फोनवर कळतं ते एवढंच, "सिस्टीम चालत नाही." या तीन शब्दांवरून नेमका बिघाड शोधायचा असतो. या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. रीस्टार्टने बिघाड कदाचित जातो, पण त्याचा पुरावा मात्र हमखास जातो. कोणती प्रोसेस अडकली होती, मेमरी कोणी खाल्ली होती, कोणतं कनेक्शन लटकलं होतं, सगळं पुसलं जातं. मग चार दिवसांनी तेच दुखणं पुन्हा उभं राहतं. म्हणून दोन मिनिटं थांबा. चालू प्रोसेसची यादी एका फाइलमध्ये टाकून ठेवा, लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा आणि कालपासून काय बदललं ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा "काहीच नाही" असंच येतं. तरी अपडेटच्या तारखा स्वतः बघा.

डिस्क भरणं ही रोजचीच तक्रार, पण चकवते तीच सगळ्यात जास्त. लिनक्सवर 'डीएफ' मारलं की 100 टक्के दिसतं. शोधल्यावर एक अवाढव्य लॉग फाइल सापडते, ती आपण उडवतो. पुन्हा 'डीएफ' मारावं तर आकडा हललेला नसतो! 'डीयू'ने फोल्डरांची बेरीज केली तर तेवढा डेटा कुठेच नाही. दोन्ही कमांड खरंच सांगत असतात. ग्रंथालयाच्या तालिकेतून कार्ड काढून टाकलं तरी वाचकाच्या हातातलं पुस्तक नाहीसं होत नाही, तसंच हे आहे. डिलीट केल्यावर जाते ती फोल्डरमधली नोंद. ज्या प्रोसेसने फाइल उघडून ठेवली आहे ती तिला सोडत नाही, तोवर डिस्कवरची जागा अडलेलीच राहते, आणि ती प्रोसेस त्या बिननावाच्या फाइलीत लिहीतही राहते. 'एलसॉफ' कमांड अशा डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली प्रोसेसच्या नंबरासकट दाखवते. तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते, अख्खा सर्व्हर बंद करावा लागत नाही.

कधी उलटं होतं. निम्मी डिस्क रिकामी असते आणि तरी नवी फाइल तयार होत नाही. अशा वेळी 'डीएफ'ला आय हा पर्याय द्या. प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी4 फाइलसिस्टीममध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरून जाते, साधारण दर 16 केबीमागे एक. वेबसाइटच्या लाखो चिमुकल्या सेशन फाइली ती संख्या खाऊन टाकतात. तिसरा प्रकार जास्त छुपा. बॅकअपची बाहेरची डिस्क एखाद्या रात्री माउंटच झाली नाही, तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवर जाऊन पडतो. सकाळी कोणी तरी डिस्क माउंट करतं आणि तो ढीग तिच्याखाली झाकला जातो. 'डीयू'ला तो दिसत नाही. डिस्क अनमाउंट करून खालचं फोल्डर बघायचं.

घड्याळाकडे फारसं कोणी बघत नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर2032, संपलेली असते. मग वीज जाऊन आली की मशीन भलत्याच सालात जागं होतं. लोक म्हणतात, "इंटरनेट गेलं," कारण ब्राउझर प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट नाकारत असतो. ऑफिसच्या डोमेनमध्ये लॉगिन होत नसेल तरी आधी वेळ बघा. करबेरॉस ही ओळख पटवणारी पद्धत नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात, आपण साडेपाच तास पुढे. रात्री दोनला लावलेलं बॅकअपचं काम म्हणूनच सकाळी साडेसातला सुरू होतं, आणि नऊला काउंटर उघडला तरी सर्व्हर धापा टाकत असतो.

बॅकअपबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीतला एक इंजिनिअर डेटाबेसची बिघडलेली नक्कल दुरुस्त करत होता. रात्र झाली होती. नकलेच्या सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायची कमांड त्याने दिली, पण उघडी असलेली खिडकी मुख्य सर्व्हरची होती. चूक लक्षात येऊन त्याने कमांड थांबवली तोवर सुमारे 300 जीबींपैकी जेमतेम 4.5 जीबी उरले होते. त्यानंतर जे उघड झालं ते जास्त भयंकर होतं. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीच्या साधनाने घेतला जात होता, त्यामुळे तो होतच नव्हता आणि तो ठेवायची जागा रिकामी होती. बॅकअप फसल्याचे ईमेल जात होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. कंपनी वाचली ती दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. तरी मधल्या सहा तासांतला डेटा गेलाच. कंपनीने हे सगळं जगासमोर तपशीलवार मांडलं, त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. मला या प्रकरणात ही गोष्ट फार मोलाची वाटते.

यातून दोन सवयी लावून घ्याव्यात. मुख्य सर्व्हरच्या टर्मिनलचा रंग लाल ठेवा आणि पुसणारी कमांड देण्याआधी होस्टनेम वाचा. दुसरी सवय अशी, की महिन्यातून एकदा बॅकअपमधून खरोखर डेटा परत उभा करून बघा. दुसऱ्या मशीनवर करा, पण करा. "बॅकअप यशस्वी" हा मेल रोज येतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो एखाद्या दिवशी आला नाही तर ते कोणाच्या लक्षात येईल, हे आधी ठरवा.

19 जुलै 2024 ची सकाळही आठवावी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी 48 आकडी रिकव्हरी की हवी, आणि ती की बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली असेल तर? अशा किल्ल्या, नेटवर्कचा नकाशा, राउटरचा पासवर्ड, इंटरनेट कंपनीचा तक्रार क्रमांक, एवढं कागदावर लिहून तिजोरीत असावं.

आता दिवाळीची सुट्टी. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी नवं अपडेट टाकू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. सुट्टीत कोणती सर्टिफिकेटं संपतात ते बघा. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं 90 दिवसांची असतात. ती आपोआप नवी झाली तरी वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो, तेव्हा ब्राउझरमध्ये तारीख डोळ्यांनी तपासा. यूपीएसला येणारी वीज बंद करून बॅटरी किती वेळ टिकते ते मोजा, पण ऑफिस सुटल्यावर आणि बॅकअप झाल्यावर. सुट्टीत फोन कोण उचलणार त्याचं नाव सगळ्यांना कळवा, आणि तिजोरीतला कागद कुठे आहे ते त्या माणसाला प्रत्यक्ष दाखवून मगच घरी जा.